रस्त्यापलीकडचं स्थळ

आई गेली आणि बाबांनी स्थळं जमवणं बंद केलं.

त्याआधी कामोठ्यात किंवा खांदेश्वरला आमच्या समाजातल्या कुणाचं लग्न ठरवायचं असलं, की पहिला फोन बाबांना यायचा. लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकुनी करून ते निवृत्त झाले, पण लोक त्यांना ओळखायचे ते या दुसऱ्या उद्योगामुळे. पैसे घेत नसत. कुणी शर्टाचं कापड दिलं तर तेही परत करायचे, आणि आई ते मागच्या मागे ठेवून घ्यायची. खरं तर मध्यस्थी दोघं मिळून करत. बाबा बाहेरच्या खोलीत बसून मुलाचा पगार, गावाकडचं घर, व्यसनं असलं सगळं काढून घेत. आई पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरायची आणि घरातल्या बायकांशी दोन शब्द बोलून यायची. परतताना रिक्षात ती नुसती मान हलवायची, हो किंवा नाही. बाबांनी तासभर गोळा केलेली माहिती त्या मान हलवण्यापुढं फुकट जायची.

आता आत जाऊन कोण बघणार, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मी येते. त्यावर त्यांनी विषय बदलला. माझं लग्न माझं मी जमवलं होतं आणि मोडलंही माझं मीच, तेव्हा या बाबतीत माझ्या नजरेवर त्यांचा भरवसा नसणं मला मान्य होतं.

तर बाबा घरात बसून राहिले. टीव्ही लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. मी तळोज्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. संध्याकाळी घरी यावं तर ते सकाळी जिथं बसलेले असत तिथंच असायचे, चहाचा कपही तिथंच. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त, कारण कीव करून काही होत नव्हतं. म्हणून एका रविवारी त्यांना जवळजवळ ओढतच वाशीला एका कार्यक्रमाला नेलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची बहीण आसामात राहून माकडांचा अभ्यास करते, तिचं भाषण होतं. प्रवेश मोफत, शेवटी चहा-समोसा. मी ‘माकडांचा’ म्हटलं म्हणून मैत्रीण नंतर माझ्यावर चिडली. तो हुलॉक गिबन. त्याला शेपूट नसतं, तो माकडापेक्षा आपल्याला जवळचा, आणि आपल्या देशात त्याच्या जातीचं दुसरं काही उरलेलं नाही. मला तोवर यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाबा दिवे घालवल्याबरोबर पेंगायला लागले. पडद्यावर हिरवंगार जंगल होतं आणि त्याच्या आजूबाजूला चहाचे मळे, वस्त्या, रस्ते. ती मुलगी मूळची पनवेलची, बोलायला साधी. ती सांगत होती की गिबन जमिनीवर उतरत नाहीत. फांदी धरून झोका घ्यायचा, पुढची फांदी धरायची, असं त्यांचं सगळं आयुष्य वरच्या वर जातं. त्यामुळे जंगलातून एक रस्ता काढला आणि दोन्ही कडेची झाडं तोडली, की इकडचे इकडं आणि तिकडचे तिकडं. मग तिनं आवाज ऐकवला. गिबन जोडीनं राहतात आणि सकाळी जोडीनं गातात. नर सुरू करतो, मादी वर चढवत नेते, मग दोघं मिळून असा काही कल्ला करतात की हॉलमधले लोक हसायला लागले. ते थांबल्यावर तिनं दुसरा आवाज लावला. तीच मादी होती, पण आता तिचा नर विजेच्या तारेला लागून मेला होता. ती एकटी गात होती आणि मधे मधे थांबत होती.

मी शेजारी पाहिलं तर बाबा ताठ बसले होते.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा एकानं कॅमेरा कुठला वापरता ते विचारलं, एका बाईंनी तिथं हॉटेलची सोय कशी आहे ते विचारलं. मग बाबांनी हात वर केला.

“तिचं वय काय असंल?”

संशोधक मुलगी म्हणाली, नक्की सांगता येत नाही, पण मधल्या वयाची आहे, अजून एखाद-दोन पिल्लं होऊ शकतील.

“पलीकडं कोण हाय का?”

“रस्त्याच्या पलीकडच्या तुकड्यात एक नर आहे. तोही एकटाच आहे.”

“मंग अडचण काय?”

हॉलमध्ये हशा पिकला. मी मान खाली घातली. पण ती मुलगी हसली नाही. “अडचण रस्त्याचीच आहे, काका,” ती म्हणाली.

घरी जाताना बसमध्ये बाबांनी मला विचारलं, हिचा नंबर हाय का तुझ्याकडं. मी सांगून टाकलं की तिचं लग्न झालेलं आहे, उगाच डोक्यात काही आणू नका. तेव्हा आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. म्हणाले, हिचं नाय गं, बाय, त्या दुसरीचं बघायचंय.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला आमच्या बुद्धविहाराला पंखा द्यायचा की मुलांना वह्या वाटायच्या, एवढंच आमच्यात ठरायचं राहिलं होतं. बाबांनी दोन्ही रद्द केलं. संशोधक मुलीची एक छोटी संस्था होती, तिला त्या रस्त्यावरून पूल बांधायचा होता. पूल म्हणजे दोन बाजूंच्या उंच झाडांना बांधलेले जाड दोर, आणि खाली दोन्ही कडेला लावलेली रोपं. ती वाढून वर एकमेकांना भिडेपर्यंत दोरांवरून ये-जा व्हायची. यासाठी देणगीदार हवे होते. बाबांना तो पूल कळला नसता तरी चाललं असतं. मुलगी एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांना ऐकतात आणि मधे अडलंय, एवढं त्यांना पुरेसं होतं. अशी कामं त्यांनी जन्मभर केली होती.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते बोलायला उभे राहिले. एका मुलीचं जमवायचं आहे, असं म्हणाले. मुलगी आसामची आहे, आईबाप नाहीत, नवरा अपघातात गेला. लोक गंभीर होऊन ऐकायला लागले. मग त्यांनी माझा मोबाइल घेऊन फोटो दाखवला. भुरकट अंग, काळं तोंड, पांढऱ्या भुवया. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक काका म्हणाले, अहो, आमच्या पोराला दोन वर्षांत एक स्थळ दाखवलं नाहीत आणि हे काय घेऊन बसलात? बाबा म्हणाले, तुमच्या पोराला पसंत पडंल अशी पोरगी आसामातपन नाय. सगळे पुन्हा हसले, आणि मग कुणीतरी नेहमीच्या सवयीनं विचारलं, “आमी काय घ्यायचं?”

हे ‘काय घ्यायचं’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडं गरीब घरातल्या मुलीचं लग्न असलं, की लोक हातात रोख पैसे ठेवत नाहीत. प्रत्येक घर एक वस्तू अंगावर घेतं. कुणी कपाट, कुणी पातेली, कुणी गादी, ज्याला काहीच झेपत नाही तो पाण्याचे जार. घेतलेली वस्तू पुढं कायम त्या घराच्या नावावर राहते. लग्नाला पंधरा वर्षं होऊन मुलीची मुलं शाळेत जायला लागली तरी ‘ते कपाट आमचं’ असं अभिमानानं सांगितलं जातं. देणाऱ्याचाही मान राहतो आणि घेणारीचाही. बाबांनी रात्रीपर्यंत थांबायलाही नको म्हणून तिथूनच आसामला फोन लावला आणि त्या बिचाऱ्या मुलीला पुलाचा खर्च वस्तूंमध्ये पाडून यादी द्यायला सांगितलं. दोर, कप्प्या, झाडाची साल सोलवटू नये म्हणून लावायच्या पट्ट्या, रोपं, रोपांभोवतीची जाळी.

सगळं तासाभरात गेलं. खांदेश्वरच्या एका आजी आहेत, मूळच्या परभणीकडच्या, मेससाठी चपात्या लाटून देतात. त्यांनी दोर घेतला. एकट्यानं घेण्यासारखी ती वस्तू नव्हती, पण ऐकेनात. “दोर माझा,” त्या म्हणाल्या. “चांगला मजबूत घ्या म्हनावं. लेकरू पडाया नगं.”

शेवटी एकच वस्तू उरली, आणि ती वस्तू नव्हतीच. संशोधक मुलीनं यादीत राखणदार घातले होते. वस्तीतली दोन माणसं, दिवसभर रस्त्याच्या त्या मोकळ्या जागेपाशी थांबायला. पलीकडचा नर हल्ली सारखा कडेच्या झाडावर येऊन बसतो, खाली मोकाट कुत्री आहेत, असं तिचं म्हणणं. तिनं फोनवर बाबांना स्पष्ट सांगितलं की पूल होईल तेव्हा होईल, खरी निकड याची आहे. बाबांनी विहारात ते दोनदा विचारलं. कुणी घेईना. पगार कोण अंगावर घेणार? तो महिन्याला संपतो, त्याला हात लावून ‘हे आमचं’ म्हणता येत नाही. लग्नात कुणी वॉचमनचा पगार दिलेला मीही कधी ऐकला नव्हता. बाबांनी फार जोर केला नाही. पूल झाल्यावर राखणदार कशाला, असं मला म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

थोड्या दिवसांनी संस्थेच्या पावत्या आल्या. कशासाठी दिलं ते प्रत्येक पावतीवर लिहिलेलं होतं आणि त्याखाली, ही रक्कम दुसऱ्या कामाला वापरली जाणार नाही. माझ्यातल्या अकाउंट्सवालीला ते फार स्वच्छ वाटलं.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात चांगले गेले, हे मला कबूल करायला हवं. संशोधक मुलगी अधूनमधून व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायची. बाबा सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, गॅलरीत चहा घेत ते लावायचे. एकदा ती मुलगी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोघांचे आवाज एकदम घेतले. इकडून मादी, तिकडून नर. बाबांनी ते चारचारदा ऐकलं आणि म्हणाले, पसंती हाय. शेजारच्या वहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की कुणी बेकायदा पक्षी पाळलाय का. बाजारात, दवाखान्यात, बँकेत माणसं त्यांना थांबवून विचारायची, पोरीचं कुठवर आलं? आणि बाबा पूर्वीसारखे एक हात कमरेवर ठेवून सांगायचे, बोलणी चालू हायत.

रोपं लावून झाली. दोर आला. दोराच्या वेटोळ्याचा फोटो आला तो आजींनी नातवाकडून मोबाइलच्या पडद्यावर लावून घेतला आणि डबा न्यायला येणाऱ्या प्रत्येक पोराला दाखवला. पण दोर बांधायचा होता रस्त्यावरून, आणि त्याला दोन खात्यांची परवानगी लागत होती. एका खात्यानं लवकर दिली. दुसऱ्यानं विचारलं, खालून जाणाऱ्या ट्रकची उंची किती धरली आहे. ते कळवलं. मग त्यांनी विचारलं, दोर तुटून अपघात झाला तर जबाबदारी कुणाची. तेही कळवलं. मग बराच काळ त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

बाबांनी आपली माणसं कामाला लावली. त्यांनी जमवलेल्या एका मुलीचा नवरा कुठल्याशा सरकारी कचेरीत वरच्या जागी होता. त्याला फोन केला. त्यानं लग्नाची आठवण ठेवून दोन-तीन ठिकाणी विचारलं आणि फाइल चालू आहे असं कळवलं. फाइल चालते म्हणजे ती नक्की काय करते हे मला आजवर समजलेलं नाही. बाबा मात्र ते विहारात जाऊन सांगून आले. पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही चालूच होती. त्याच्या पुढच्या वेळी त्या जावयानं फोन उचलला नाही.

मग बाबांनी आसामला जायचं काढलं. गुडघे दुखतात, जिना उतरताना कठड्याला धरतात, आणि म्हणे आसामला. मी चिडले. तिथं जाऊन काय करणार, स्वतः झाडावर चढून दोर बांधणार का, असं मी त्यांना म्हटलं. असं बोलायला नको होतं.

“कायतरी करायला नको?” ते म्हणाले.

करायला हवं होतं, पण करण्यासारखं काही आमच्या हातात नव्हतं. पैसे दिले होते, वस्तू घेतल्या होत्या, सगळे तयार होते. यापुढं माणूस काय करतो ते मला माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही.

तो फोन रविवारी दुपारच्या आधी आला. बाबा ओट्यापाशी कोलंबी सोलत होते. आई गेल्यापासून ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलंय. मी मोबाइल स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

संशोधक मुलगी नीट, सलग सांगत होती, पाठ केल्यासारखं. रस्त्याच्या कडेचं एक मोठं झाड वाऱ्यानं पडलं होतं. नर रोज त्याच झाडावर येऊन गायचा. झाड गेल्यावर तो मागच्या झाडावर बसू लागला, पण तिथून पलीकडचं दिसत नसावं. आज सकाळी मादी गायला लागली तशी त्यानं उत्तर दिलं आणि मग तो खाली उतरला. इतकी वर्षं काम करून तिनं त्याला जमिनीवर कधी पाहिलं नव्हतं. जमिनीवर गिबन दोन पायांवर चालतात, हात वर धरून, तोल सांभाळत. तसा तो रस्त्यावर आला. गाडी नव्हती एकही. वस्तीतली कुत्री आली. चहाच्या मळ्यातली माणसं ओरडत धावली, पण ती लांब होती, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

“अर्धा रस्ता ओलांडला होता त्यानं, काका,” ती म्हणाली.

बाबांच्या हातात सोललेली कोलंबी तशीच होती. ते म्हणाले, “म्हंजे तो निघाला होता.”

मी फोन बंद झाल्यावर खूप बडबडले. कुत्र्यांवर, फाइलीवर, त्या जावयावर. पैसे पडलेत, दोर संस्थेच्या शेडमध्ये पडलाय, रोपं गुडघ्याएवढी झालीत, आणि तो बिचारा पायी निघतो. मी रडतही होते बहुतेक. बाबांनी सगळी कोलंबी सोलून संपवली, टरफलं कागदात बांधली, हात धुतले. मग खुर्चीत बसून म्हणाले, “दोन मानसं. हातात काठी घेतलेली दोन मानसं, बस.”

ते कुणी घेतलं नाही ही एकट्या बाबांची चूक नव्हती. मी तसं त्यांना सांगितलं. ते ऐकून घेतात, पण आत काही जात नाही, हे मला कळत होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी विहारात सगळं सांगितलं. मी म्हटलं होतं की ग्रुपवर टाकून देऊ. ते म्हणाले, अशा गोष्टी तोंडानं सांगायच्या असतात. ते उभे राहिले, काय घडलं ते कमी शब्दांत सांगितलं, आणि राखणदाराचं आपण मनावर घ्यायला हवं होतं, तेही सांगितलं. कुणी त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. दोरवाल्या आजी म्हणाल्या, “मग दुसरं बघा की.”

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. एक स्थळ हुकलं की बाबा स्वतः घरोघरी हेच सांगत आलेले. या वेळी त्यांना सांगावं लागलं की दुसरं नाही. त्या तुकड्यात तो एकटाच होता. बाकीचे गिबन आहेत ते लांबच्या जंगलात, आणि मधे किती रस्ते आहेत ते कुणास ठाऊक.

मग मी उठले, कारण पैशांचं बोलणं बाबांना जमलं नसतं. संस्थेनं विचारलं होतं की आता या पुलाचा उपयोग नाही, तर तुमच्या देणग्या दुसऱ्या जंगलात वापरू का. तिथं गिबनांची कुटुंबं आहेत, पिल्लं आहेत, तिथंही रस्ता होऊ घातलाय, राखणदार हवेत. प्रत्येकानं फक्त हो म्हणायचं होतं. मी चांगलं समजावून सांगितलं असं मला वाटलं. आजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “ती हाय नव्हं अजून?”

मी म्हटलं, आहे.

“मग दोर तिचा हाय. पोरगी एकटी ऱ्हायली म्हनून तिला दिलेलं कुनी माघारी आनतं का?”

आणि एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं. जाळी तिची. रोपं तिची. कुणालाच पैसे परत नको होते, आणि कुणालाच ते दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचे नव्हते. मी पुन्हा समजावलं, आवाज चढवून समजावलं. दोर शेडमध्ये कुजणार, असंही म्हटलं. लोक माझ्याशी अतिशय चांगले वागले. एका मावशींनी मला पाणी आणून दिलं. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांचं म्हणणं खोडताही येत नव्हतं, कारण माझ्या आईनं त्यांच्याच जागी बसून अगदी हेच म्हटलं असतं.

घरी आल्यावर बाबांनी मला आसामला फोन लावायला सांगितला. मी आधी विहारातला नकार कळवला. संशोधक मुलगी थकलेली वाटली. म्हणाली, ठीक आहे, असं होतं, लोक एका प्राण्यासाठी देतात, जंगलासाठी देणारे कमी. तिचा काही राग नव्हता. मग बाबांनी मोबाइल आपल्याकडं घेतला.

ती गाते का अजून, असं त्यांनी विचारलं. गाते, रोज सकाळी गाते, ती म्हणाली. लांबच्या जंगलातून एखादा नर आणून इकडं सोडता येत नाही का, हे त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की तसं करतात कधी कधी, पण त्याला वरपर्यंतची परवानगी लागते, वर्षं लागतात, आणि तोवर हिचं पिल्लं व्हायचं वय निघून जाईल. मग तो प्रस्ताव टिकत नाही.

मला वाटलं, झालं. मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला, पण बाबांनी तो दिला नाही.

“पिल्लू नाय झालं तर नाय झालं,” ते म्हणाले. “सोबत तरी मिळंल का तिला?”

तिकडं मागं कुठंतरी कोंबडा आरवत होता, तो ऐकू येत होता.

“काका, नुसत्या सोबतीसाठी हलवत नाहीत,” ती म्हणाली. “तसं कारण लिहायला जागाच नसते. त्यातून जात वाढायला हवी.”

“म्हंजे आता एकटीनंच राह्यचं.”

“हो.”

“तब्येत कशी हाय तिची?”

“चांगली आहे,” ती म्हणाली, आणि हे तरी चांगलं सांगता येतंय म्हणून तिचा आवाज जरा मोकळा झाला. “एकदम चांगली आहे. अजून बरीच वर्षं जगेल.”

बाबा बरं म्हणाले आणि त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. फोन बंद कसा करायचा ते त्यांना माहीत आहे, तरी तो मलाच करायला लावला.